अमेरिकेच्या दक्षिणेतील सरकारी हायस्कूलचा इतिहास कसा अभ्यासावा : टेनेसीच्या क्लिंटन हायस्कूलच्या आधारे

जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा आणि दोन्ही कॅरोलिना या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या लहान शहरांत आता मराठी कुटुंबेही राहतात. त्यांची मुले गावच्या सरकारी हायस्कूलमध्ये जातात, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना पाहायला अर्धे गाव मैदानावर लोटते आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर स्थापनेचे वर्ष कोरलेले असते. त्या वर्षापासून आजवर शाळेत काय घडले, असे विचारले तर उत्तर बहुधा जिंकलेल्या ढाली आणि निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावांपाशी थांबते. दक्षिणेतील सरकारी शाळांचा इतिहास मात्र राज्यघटनेशी, न्यायालयांशी आणि कधीकधी रस्त्यावर उतरलेल्या जमावाशी जोडलेला आहे. तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कागदांतून शोधावा, हे क्लिंटन हायस्कूल या एका शाळेच्या आधारे येथे मांडले आहे.

क्लिंटन हे टेनेसी राज्यातील अँडरसन काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) मुख्य ठाणे आहे. क्लिंच नदीच्या काठी, नॉक्सव्हिलपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर वसलेल्या या शहराची लोकसंख्या आज दहा हजारांच्या आसपास असून १९५६ साली ती चार हजारांच्या घरात होती. ही शाळा निवडण्याचे कारण असे, की तिच्याविषयीची साधने विपुल आहेत आणि तरीही तिचे नाव फारसे घेतले जात नाही. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये आर्कान्सामधील लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हायस्कूल प्रवेशावरून जे घडले ते जगाच्या लक्षात राहिले. त्याच्या वर्षभर आधी क्लिंटनमध्ये जे घडले ते मागे पडले.

शाळेत नसलेल्या मुलांपासून सुरुवात करावी

शाळेचा इतिहास म्हटले की आपण शाळेच्या कपाटाकडे वळतो, म्हणजे वार्षिकांक, हजेरीपट, समारंभांची छायाचित्रे आणि स्मरणिका पाहू लागतो. दक्षिणेत हा क्रम उलटा करावा लागतो. टेनेसीच्या १८७० च्या राज्यघटनेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एका शाळेत एकत्र शिकवण्यास स्पष्ट मनाई होती आणि १९०१ च्या कायद्याने ती खासगी शिक्षणसंस्थांनाही लागू झाली. त्यामुळे १९५४ पूर्वी स्थापन झालेल्या प्रत्येक हायस्कूलविषयी पहिला प्रश्न असा विचारावा, की त्या काळी याच गावातली कृष्णवर्णीय मुले कुठे शिकत होती. मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता आणि त्या नकाराची नोंद सरकारी कागदपत्रांतच सापडते.

क्लिंटनमध्ये या प्रश्नाचे उत्तर गावातल्याच एका टेकडीवर मिळते. तेथे १९३५ साली बांधलेली कृष्णवर्णीय मुलांची प्राथमिक शाळा होती, जी पुढे ग्रीन मॅकअडू शाळा म्हणून ओळखली गेली. ती संपली की पुढे काय? काउंटीचे शिक्षण मंडळ कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही हायस्कूल चालवत नव्हते. ज्यांना पुढे शिकायचे असेल त्यांना रोज बसने नॉक्सव्हिलच्या ऑस्टिन हायस्कूलला जावे लागे, आणि क्लिंटन हायस्कूल मात्र त्यांच्या घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचा हा बसप्रवास क्लिंटन हायस्कूलच्या इतिहासाचाच भाग आहे. या शाळेचा त्या काळचा कोणताही वार्षिकांक उघडला तरी त्या बसमधील मुलांचा चेहरा त्यात दिसणार नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी केवळ शाळेच्या कपाटावर विसंबून राहू नये.

अशी माहिती मिळवण्याची साधने सर्वत्र सारखीच आहेत. अमेरिकेच्या जनगणनेच्या मूळ याद्या ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० च्या याद्या एप्रिल २०२२ पासून कोणालाही पाहता येतात. त्यांत घराघरातील माणसांची नावे, वय, व्यवसाय आणि वंश यांची नोंद असल्यामुळे कोणत्या वस्तीत शाळकरी वयाची किती मुले होती याचा अंदाज बांधता येतो. आगीच्या विम्यासाठी तयार केलेले सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात असून त्यांवर गावातील इमारतींचे आकार, बांधकामाचे साहित्य आणि वापर दाखवलेला असतो. जुन्या नोंदी धुंडाळताना त्या काळच्या सरकारी भाषेतील ‘कलर्ड’ आणि ‘नीग्रो’ हेच शब्द वापरून शोध घ्यावा लागतो, कारण आजचे शब्द त्या कागदांत नाहीत. ग्रामीण भागातील शाळा असेल तर ती रोझेनवाल्ड शाळा होती का, हेही तपासावे. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या उभारणीत कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या कमाईतून पैसे घातले, जमीन दिली आणि अंगमेहनत केली.

न्यायालयाचे कागद वाचावेत

ज्या शाळेविषयी खटला झाला तिच्या अभ्यासकाला मोठाच आधार मिळतो. १९५० साली क्लिंटनमधील काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हायस्कूलमध्ये प्रवेश मागितला, तो नाकारला गेला आणि त्याच वर्षी काउंटीच्या शिक्षण मंडळाविरुद्ध फेडरल (केंद्रीय) न्यायालयात दावा दाखल झाला. हा ‘मॅकस्वेन विरुद्ध अँडरसन काउंटी शिक्षण मंडळ’ या नावाने ओळखला जाणारा खटला होय. मुलांना नॉक्सव्हिलला पाठवण्याची सोय कायद्याच्या दृष्टीने पुरेशी आहे, असा निकाल न्यायाधीश रॉबर्ट एल. टेलर यांनी १९५२ मध्ये दिला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात सरकारी शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवल्यावर अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतर जानेवारी १९५६ मध्ये याच टेलर यांनी, येत्या शरद सत्रापर्यंत क्लिंटन हायस्कूलचे दरवाजे सर्वांना उघडावेत, असा आदेश दिला.

हे दोन्ही निकाल ‘फेडरल सप्लिमेंट’ या निकालसंग्रहात छापलेले आहेत : १९५२ चा १०४ व्या खंडात ८६१ व्या पानापासून आणि १९५६ चा १३८ व्या खंडात ५७० व्या पानापासून. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा आंतरजालावर ते सहज मिळतात. मात्र छापील निकाल वाचून थांबू नये. दाव्याचा अर्ज, प्रतिज्ञापत्रे, शिक्षण मंडळाने दिलेले उत्तर आणि साक्षी यांत शाळेचे दैनंदिन जीवन जितके उघड होते तितके ते निकालपत्रात होत नाही. बसचा खर्च कोण देत असे, कोणते विषय कुठे शिकवले जात, मंडळाने कोणती सबब पुढे केली, हे त्या कागदांतच असते. टेनेसीतील फेडरल न्यायालयांची जुनी दप्तरे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अटलांटा शाखेच्या कक्षेत येतात. तेथे जाण्यापूर्वी खटल्याचा क्रमांक शोधून ठेवावा आणि आधी पत्रव्यवहार करावा, म्हणजे दप्तर बाहेर काढून ठेवले जाते. काउंटीच्या शिक्षण मंडळाची इतिवृत्ते स्थानिक कार्यालयात असतात. ती रूक्ष भाषेत लिहिलेली असली तरी कोणत्या बैठकीत कोणता विषय मुद्दाम पुढे ढकलला गेला, हे त्यांवरूनच कळते.

एकेका दिवसाचा पट मांडावा

घडामोडी दाट झाल्या की अभ्यासकाने स्वतःच्या वहीत तारीखवार पट मांडावा आणि प्रत्येक तारखेपुढे ती माहिती कुठून मिळाली हे लिहावे. क्लिंटनचा पट साधारण असा उभा राहतो. सोमवार, २७ ऑगस्ट १९५६ रोजी बारा कृष्णवर्णीय विद्यार्थी टेकडी उतरून सुमारे ८०० गोऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळेत दाखल झाले. पहिला दिवस तुलनेने शांततेत गेला. बाहेरून आलेला जॉन कॅस्पर हा तरुण वंशभेदाचा कट्टर पुरस्कर्ता शाळा सुरू होण्याच्या आधीच गावात पोहोचला होता आणि तो घरोघर जाऊन लोकांना चिथावत होता. त्याच्या सभा वाढल्या. न्यायाधीश टेलर यांनी त्याला मनाई हुकूम बजावला आणि तो मोडल्याबद्दल एका वर्षाची शिक्षा ठोठावली; तरीही सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या अमेरिकी कामगार दिनाच्या सुट्टीत जमाव इतका वाढला, की गाड्या अडवल्या गेल्या, कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले आणि मूठभर पोलिसांच्या जोडीला सामान्य नागरिकांना हाती शस्त्र घेऊन रस्त्यावर उभे राहावे लागले. राज्यपाल फ्रँक क्लेमंट यांनी आधी महामार्ग पोलीस आणि मग रणगाड्यांसह नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव सैन्यदलाचे) सहाशेहून अधिक जवान पाठवले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पुढच्या वर्षी आर्कान्साचे राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्ड वापरले ते कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेबाहेर ठेवण्यासाठी. क्लेमंट यांनी ते वापरले न्यायालयाचा आदेश पाळला जावा म्हणून. दक्षिणेतील प्रत्येक राज्य एकसारखे वागले असे गृहीत धरून लिहिलेला इतिहास या एका फरकापाशीच चुकतो.

पट पुढे नेला तर ४ डिसेंबर १९५६ ही तारीख समोर येते. मुलांचा छळ असह्य झाल्याने त्यांनी काही दिवस शाळेत जाणे थांबवले होते. त्या सकाळी फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक पॉल टर्नर आणि आणखी दोन गोरे नागरिक त्यांना सोबत घेऊन शाळेपर्यंत चालत गेले. मुले आत गेल्यावर परतीच्या वाटेवर टर्नर यांना जमावाने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. मुख्याध्यापक डी. जे. ब्रिटन यांनी शाळा बंद केली आणि ती पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडली. त्याच ४ डिसेंबरला नगरपालिकेची निवडणूक होती आणि वंशभेदवाद्यांचे उमेदवार तीत सपाटून हरले. मारहाण आणि मतदान या दोन्ही गोष्टी एकाच गावात एकाच दिवशी घडल्या, हे ध्यानात ठेवल्याशिवाय क्लिंटनविषयी कोणतेही ठाम विधान करू नये.

असा पट मांडण्यासाठी वर्तमानपत्रे लागतात आणि ती किमान दोन प्रकारची वाचावीत. पहिले गावचे, क्लिंटनमध्ये ते ‘क्लिंटन कुरिअर-न्यूज’ होते आणि त्याचे संपादक होरेस व्ही. वेल्स ज्युनियर होते. स्थानिक साप्ताहिकात चर्चच्या सूचना, दुकानांच्या जाहिराती, वाचकांची पत्रे आणि निवडणुकीची आकडेवारी असते, आणि गावाचा खरा कल अनेकदा अग्रलेखापेक्षा या मजकुरातून कळतो. दुसरी वर्तमानपत्रे बाहेरची, म्हणजे नॉक्सव्हिलची आणि राष्ट्रीय. तिसरा प्रकारही आहे आणि तो फार वेळा विसरला जातो : कृष्णवर्णीयांनी चालवलेली ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’ यांसारखी वर्तमानपत्रे. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात ‘एक विद्यार्थी’ एवढाच उल्लेख येतो, तेथे या पत्रांत त्याचे घर, आईवडील आणि त्यांची भीती यांविषयी मजकूर मिळण्याची शक्यता अधिक असते.

‘पहिली शाळा’ हा दावा पारखून घ्यावा

शाळांच्या इतिहासात ‘पहिली’ हे विशेषण सर्रास वापरले जाते. क्लिंटन हायस्कूलला दक्षिणेतील पहिले एकात्म (गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवणारे) हायस्कूल म्हटले जाते, पण हे विधान जसेच्या तसे उतरवून घेतले तर ते चुकीचे ठरते. आर्कान्सामधील चार्ल्सटन आणि फेएटव्हिल येथील शाळांनी १९५४ सालीच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला होता. एवढेच काय, याच अँडरसन काउंटीतील ओक रिजच्या हायस्कूलसह काही शाळा १९५५ च्या सप्टेंबरमध्ये एकत्र झाल्या होत्या. अणुबाँबच्या प्रकल्पासाठी वसवलेले ओक रिज तेव्हा केंद्र सरकारच्या ताब्यात होते, त्यामुळे तेथील निर्णय वॉशिंग्टनमधून आला. क्लिंटनचा दावा खरा ठरतो तो दोन अटी जोडल्यावर : राज्याच्या अखत्यारीतील शाळा आणि न्यायालयाच्या आदेशाने झालेले एकत्रीकरण. बारा जणांपैकी बॉबी केन हा विद्यार्थी मे १९५७ मध्ये तेथून उत्तीर्ण झाला. त्याच्याविषयीच्या ‘पहिला कृष्णवर्णीय पदवीधर’ या दाव्यालाही याच अटी जोडून लिहाव्यात. अटी लिहिल्याने त्याचे मोठेपण कणभरही कमी होत नाही. उलट न्यायालयाने उघडलेल्या दारातून आत जाणे आणि शहराने आपणहून उघडलेल्या दारातून आत जाणे यांत काय अंतर होते, ते वाचकाला कळते.

माणसांना विचारावे, पण तयारीने

कागद वाचून झाल्यावरच मुलाखतींकडे वळावे. तारखा ठाऊक असल्या की समोरच्या वृद्ध व्यक्तीला तारखा विचारण्यात तिचा वेळ जात नाही आणि तिच्याकडेच असलेली गोष्ट विचारता येते. पदवीदानाच्या रात्री आपल्याला अंधारात मारहाण झाली, असे केन यांनी पुढे सांगितले. ही गोष्ट निकालपत्रात किंवा हजेरीपटात सापडणारी नाही. बारा जणांची पुढची वाटही एक नव्हती. जो अ‍ॅन अ‍ॅलन हिचे कुटुंब १९५६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाला निघून गेले, तर गेल अ‍ॅन एप्स १९५८ मध्ये क्लिंटन हायस्कूलमधूनच उत्तीर्ण झाली. त्यांना केवळ ‘बारा जण’ असे एकत्र बांधून ठेवले की ही भिन्नता हरवते.

त्याच वर्गात बसलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनाही विचारावे. त्यांच्यापैकी काहींनी त्रास दिला, फुटबॉल संघातील काही खेळाडूंनी त्रास देणाऱ्यांना आवरले आणि बहुसंख्यांनी काहीच केले नाही. हा तिसरा गट सर्वात मोठा असतो आणि त्याच्याविषयी सर्वात कमी लिहिले जाते, म्हणून त्याच्याकडून मिळालेली प्रत्येक प्रामाणिक आठवण मोलाची मानावी. मुलाखतीपूर्वी लेखी संमती घ्यावी, ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या व्यक्तीला द्यावी आणि आठवण व कागद यांत विसंगती आली तर दोन्ही नोंदवाव्यात. आठवणीतली तारीख चुकली म्हणून अनुभव खोटा ठरत नाही.

प्रसिद्धी ओसरल्यानंतरचा काळ सोडू नये

पत्रकार निघून गेले की पुष्कळ लेखकांची लेखणीही थांबते. क्लिंटनमध्ये तसे केले तर सर्वात भयंकर घटना सुटून जाते. ५ ऑक्टोबर १९५८ रोजी, रविवारी पहाटे, तीन स्फोटांनी शाळेची इमारत उद्ध्वस्त झाली. सुट्टीचा दिवस आणि पहाटेची वेळ असल्याने कोणालाही इजा झाली नाही. या गुन्ह्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. काही दिवसांतच शेजारच्या ओक रिजने आपली रिकामी असलेली लिंडेन प्राथमिक शाळा देऊ केली आणि क्लिंटनचे सर्व विद्यार्थी बसने तेथे जाऊ लागले. नवी इमारत १९६० मध्ये तयार होईपर्यंत वर्ग तेथेच भरले. ज्या गावाने काही मुलांना वर्षानुवर्षे बसने दुसऱ्या शहरात पाठवले होते, त्या गावातील सगळ्याच मुलांवर ती वेळ आली, आणि या काळातील हजेरीपट, वेळापत्रके आणि शिक्षकांचे अनुभव अभ्यासकाने विशेष आस्थेने जमवावेत असे मला वाटते.

यानंतर कृष्णवर्णीयांच्या शाळेचे काय झाले, हेही शोधावे. ग्रीन मॅकअडू शाळा १९६५ पर्यंत वेगळीच चालू राहिली. म्हणजे हायस्कूल एकत्र झाल्यावरही नऊ वर्षे प्राथमिक शिक्षण विभागलेलेच होते. २००६ साली, त्या पहिल्या दिवसाला ५० वर्षे पूर्ण होताना, तीच इमारत सांस्कृतिक केंद्र आणि संग्रहालय म्हणून उघडली आणि तिच्या अंगणात बाराही विद्यार्थ्यांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. क्लिंटनला जाणाऱ्याने आधी टेकडीवरचे हे केंद्र पाहावे आणि मग मुले ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्याने खाली चालत यावे. जुन्या हायस्कूलच्या जागी आता माध्यमिक शाळा आहे. सर्वच ठिकाणी असा आनंददायक शेवट आढळणार नाही. दक्षिणेत एकत्रीकरणानंतर असंख्य गावांत कृष्णवर्णीयांचे हायस्कूल बंद झाले, त्याचे नाव आणि रंग गेले, ट्रॉफ्या अडगळीत पडल्या आणि तेथील कर्तबगार मुख्याध्यापकांना दुय्यम पदे स्वीकारावी लागली किंवा नोकरी सोडावी लागली.

आपल्या गावच्या शाळेला ही पद्धत लावताना

आपल्या गावात खटला झाला नसेल तर १९६४ ते १९७१ ही वर्षे बारकाईने पाहावीत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर वंशभेद करणाऱ्या शाळांचे केंद्रीय अनुदान रोखण्याची तरतूद झाली. त्यावर अनेक मंडळांनी ‘निवडीचे स्वातंत्र्य’ नावाच्या योजना आणल्या, ज्यांत मुलाची शाळा पालकांनी निवडायची असे आणि त्यामुळे बदलाचा सगळा भार कृष्णवर्णीय पालकांवर पडे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या ‘ग्रीन’ आणि १९६९ च्या ‘अलेक्झांडर’ या निकालांनी अशा चालढकलीला लगाम घातला आणि दक्षिणेतील बहुसंख्य हायस्कुले त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत खऱ्या अर्थाने एकत्र झाली. या वर्षांचे वार्षिकांक ओळीने मांडावेत आणि वर्गातील चेहरे, शिक्षकांची यादी, विद्यार्थी मंडळ, वाद्यवृंद आणि स्नेहसंमेलनाची पाने एकमेकांशी ताडून पाहावीत. त्याच सुमारास गावात एखादी नवी खासगी शाळा निघाली असेल तर तिच्या स्थापनेचे वर्ष टिपून ठेवावे, कारण गोऱ्या मुलांना वेगळे ठेवण्यासाठी अशा अनेक शाळा त्या काळात निघाल्या.

शाळेच्या नावाचे वर्षही पाहावे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील दक्षिणेच्या सेनानींची नावे शाळांना युद्धानंतर लगेच दिली गेली असतील, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अलाबामातील माँटगोमेरी येथील रॉबर्ट ई. ली हायस्कूल १९५५ मध्ये, म्हणजे ‘ब्राउन’ निकालानंतर, सुरू झाले. अलीकडे त्याला रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांचे नाव देण्यात आले.

लेखन पूर्ण झाल्यावर हयात व्यक्तींची नावे त्यांच्या परवानगीशिवाय छापू नयेत. अल्पवयात कोणी काही वाईट वागले असेल आणि ते न्यायालयीन नोंदीत नसेल तर नाव गाळावे. मजकुराची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातील स्थानिक इतिहास विभागात द्यावी. मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि त्यांच्या मागे लिहिलेली नावे-तारखा यांची सूची जवळच्या विद्यापीठाच्या अभिलेखागाराकडे सोपवावी आणि सोपवताना ती किती वर्षांनी सर्वांसाठी खुली करायची, हे लेखी ठरवून घ्यावे.